वीस मिनिटांचा खटला

सैन्यात तीस वर्षं काढून मी चिखलीला परत आलो तेव्हा माझ्याकडे वेळ होता, तब्येत होती आणि भोवतालच्या जवळजवळ सगळ्या माणसांबद्दल तुच्छता होती. भाजीपाल्याचा मळा धाकट्या भावाने सांभाळला होता. बांधावरून त्याचा शेजाऱ्याशी दावा चालू होता. मी कर्नल झालो त्या सुमारास सुरू झालेला तो दावा मी निवृत्त झालो तरी साक्षीपुरावा नोंदवण्यापर्यंतही आला नव्हता.

भावाबरोबर मी दोन तारखांना गेलो. दोन्ही वेळा समोरचा वकील खुर्चीतून अर्धा उठला, "पुढची तारीख मिळावी" म्हणाला आणि बसला. आमचा वकील "हरकत नाही" म्हणाला. भाऊ हात जोडून बाहेर आला आणि म्हणाला, "झालं आजचं." काय झालं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सैन्यात एखाद्या शिपायाने इतकी कामचुकारी केली असती तर मी त्याला पाठीवर पिशवी देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. इथे तोच धंदा काळा कोट घालून, दुपारी दोन भाज्यांचा डबा खाऊन, सन्मानाने चालला होता.

मी ठरवलं की कायदा शिकायचा. लोक सांगतात की मला समाजसेवा करायची होती. तसं काही नव्हतं. या लोकांना त्यांच्याच जागेत जाऊन लाज आणायची, एवढाच हेतू होता. माझ्या मुलांपेक्षा लहान पोरापोरींच्या बाकावर तीन वर्षं बसलो, परीक्षा दिल्या, सनद घेतली. जवळच्या एका तालुक्याच्या कोर्टात टेबल मिळालं. कुठल्या तालुक्याच्या, ते मुद्दाम सांगत नाही. माझ्या शेजारचं टेबल नेमकं त्याच अर्ध्या उठणाऱ्या वकिलाचं होतं.

हा गृहस्थ माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मूळचा मेहकरकडचा. टेबलाच्या एका पायाला तार गुंडाळलेली, आणि खिशात भाजलेल्या शेंगा. दिवसभर शेंगा सोलायचा आणि टरफलं फायलीच्या कव्हरात गोळा करायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "कर्नलसाहेब, इथं घाई करणाऱ्याचा बीपी वाढते. कोर्टाचं काही जात नाही." पुढची आठ-नऊ वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. मी वेळेवर यायचो, एकही तारीख मागायचो नाही, आणि तरीही माझे दावे त्याच्या दाव्यांइतकेच रखडायचे. याचा रागही मी त्याच्यावरच काढायचो.

या सगळ्यात मला खरी किंमत होती ती पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. त्या दोन दिवशी जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावाला प्रमुख पाहुणा म्हणून कर्नल लागायचा. गांधी टोपी घातलेला सरपंच, फेटा बांधलेला मुख्याध्यापक, नारळ, शाल. जी माणसं वर्षभर सरकारी जागेवर गोठे बांधतात आणि रेशनच्या रांगेत मध्ये घुसतात, ती त्या दिवशी मला शिस्तीवर बोला म्हणायची. मी बोलायचो. त्यांना ऐकवायला मला आवडायचं.

माझ्या भाषणात एक ठरलेली गोष्ट होती. मी पलटणीचा प्रमुख असताना एक जवान सुट्टी संपून दोन महिने उलटले तरी परत आला नाही. आला तेव्हा मी स्वतः त्याचा खटला चालवला आणि वीस मिनिटांत त्याला बडतर्फ केला. "वीस मिनिटांत," असं मी पुन्हा म्हणायचो आणि थांबायचो. तिथे टाळ्या पडायच्याच. "आणि तो माझ्याच जिल्ह्यातला होता," हे वाक्य मी टाळ्या ओसरल्यावर टाकायचो, म्हणजे दुसऱ्यांदा टाळ्या पडायच्या.

काही वर्षांपूर्वी हिवरा आश्रमच्या पुढच्या एका गावात झेंडावंदनाला मी ही गोष्ट सांगितली. माजी सैनिकांसाठी पुढे सहा खुर्च्या मांडल्या होत्या. टाळ्या पडल्या, पण नेहमीसारख्या नाही. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे मागे वळून शाळेच्या कुंपणाकडे बघत होते. खाली उतरल्यावर मी सरपंचाला विचारलं. तो हसत म्हणाला, "काही नाही साहेब. आमच्या गावातबी एक भगोडा हाय. तिकडं उभा होता. बरं झालं त्याच्या कानावर गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, कानावरचे केस पांढरे. हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं, नवा अशील.

"बसा. काय काम आहे?"

तो बसला नाही. "साहेब, काल तुमी माही गोष्ट सांगतली," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. चेहरा आठवत नव्हता, आणि ते मला त्याला कळू द्यायचं नव्हतं. त्याला ते कळलंच. पिशवीतून त्याने चार घड्या घातलेले कागद काढून टेबलावर ठेवले. लष्करी खटल्याची नक्कल होती ती, आरोपीला मिळते ती. शेवटच्या पानावर माझी सही होती. तेव्हा मी सही फार ऐटीत करायचो.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"मले हे बडतर्फ काढून पाहिजे. नोकरी नको, पेन्शन नको. सहा वर्षांत कुठं पेन्शन भेटते? पण गावात माह्या घराले भगोड्याचं घर म्हंतात. पोरगी दिली तिच्या सासरीबी म्हंतात. तुमी वकील झाले असं आयकलं म्हणून आलो."

"जिल्ह्यात दुसरे वकील नाहीत?"

"हायेत ना. पण त्याइले सारं समजावून सांगा लागते. तुमाले तं सगळं माहीत हाय."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. आपल्याकडे विहीर खणायची तर माहितगार माणसाला बोलावतात, तसं तो बोलत होता. मी कागद ठेवून घेतले आणि आठ दिवसांनी ये म्हणालो. मनात एवढंच होतं की आठ दिवसांनी काहीतरी कारण काढून त्याला लावून द्यायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सैन्यात एक संक्षिप्त खटला असतो. पलटणीचा प्रमुख एकटाच न्यायाधीश. वकील नाही, उलटतपासणी नाही. आरोपीने गुन्हा कबूल केला की पुरावासुद्धा लागत नाही. फक्त एक अट असते. कबुलीचा अर्थ काय, परिणाम काय, हे त्याला समजावून सांगायचं आणि त्या कबुलीवर त्याची सही घ्यायची. मी घरी बसून ते कागद वाचले. वकिलाच्या डोळ्याने वाचले आणि दुसऱ्याच पानावर थांबलो. "कबूल" असं इंग्रजीत टाइप केलं होतं. खाली "आरोपीला सर्व समजावून सांगितले" या वाक्याखाली माझी सही होती. त्याच्या सहीची जागा कोरी होती. सुरुवातीची वेळ साडेनऊ, संपल्याची नऊ पन्नास. भाषणात मी वीस मिनिटं सांगायचो ती अगदी बरोबर होती, याचं मला क्षणभर समाधानही वाटलं. असा मी माणूस.

समजावून सांगितलं होतं का? नव्हतं. दहावी झालेल्या, मराठी शाळेतल्या पोरासमोर सुभेदार मेजरने इंग्रजी कागद भराभर वाचला आणि "मान्य आहे ना?" असं विचारलं. मान्य आहे म्हटलं की लवकर सुटशील, असं त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. सगळे खटले असेच व्हायचे. आणि तो माझ्याच बुलढाणा जिल्ह्यातला होता म्हणून मी जास्तच कडक झालो होतो. आपल्याकडचा म्हणून सोडला, असं कोणी म्हणू नये. माझ्या नावाला तेवढंही लागू नये म्हणून मी एका पोराचं नाव पुसून टाकलं. याला मी वीस-बावीस वर्षं निःपक्षपातीपणा म्हणत आलो.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा मी त्याला खरं तेच सांगितलं. सही नाही, त्यामुळे दावा होऊ शकतो. पण फार उशीर झालाय, आणि मी तुझा वकील होऊ शकत नाही. मला साक्षीदार व्हावं लागेल, आणि एका माणसाला दोन्ही होता येत नाही.

"मंग कोन?" त्याने विचारलं.

शेजारच्या टेबलावर शेंगा सोलणं थांबलं होतं. "आना इकडं ते कागद," शेजारचा म्हणाला. त्याने सगळं ऐकलं होतं, अर्थात. दुसऱ्याचं ऐकणं हा त्याचा मुख्य व्यवसाय होता असंच मी मानत होतो. त्याने पानं उलटली, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, आणि अशिलाला विचारलं, "सुट्टी वाढवून मागितली होती का?"

"दोन तारा केल्या होत्या मेहकरहून. मायले लकवा मारला होता. घरात दुसरं कोनी नव्हतं, बहीण ल्हान होती. तिले उचलून बाहेर न्या लागे. दोन महिन्यांनी मावशी आली तवा मी निघालो. कोनी धरून नेलं नाही. मी माह्या पायानं गेलो."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. "इथं तर लिहिलंय, मुदतवाढीचा कोणताही अर्ज मिळाला नाही. तारा आल्या होत्या का, कर्नलसाहेब?"

मी म्हणालो, "इतकी वर्षं झाली. आठवत नाही."

पण आठवत होतं. पलटणीत एक जुना विनोद होता की प्रत्येक जवानाला सात आया असतात आणि सुट्टीच्या काळात एकेक मरते. हेडक्लार्कने तार माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी तोच विनोद केला होता. हेडक्लार्क हसला, आणि तार कुठल्या तरी फायलीत गेली. दुसरी आली तेव्हा विनोद करायचीही गरज राहिली नव्हती. मी नुसती मान हलवली. त्यानंतर "अर्ज मिळाला नाही" या वाक्याखाली सही केली. ती नोंद खोटी आहे हे मला सही करताना माहीत होतं, आणि त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. कागद नीट दिसला पाहिजे, एवढीच तेव्हा काळजी.

मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः तयार केला. सही राहून गेली हे मान्य केलं. तारांबद्दल लिहिलं, "स्मरणाप्रमाणे निश्चित सांगता येत नाही." शेजाऱ्याने तो वाचला, टेबलावर ठेवला आणि एक शेंग फोडली.

"हे वाक्य माझे साक्षीदार म्हणतात," तो म्हणाला. "बांध कोरलेले, सातबारा बदललेले, सगळे असंच म्हणतात. तुमी काही येगळं म्हणान असं वाटलं होतं. एवढी वर्षं आमच्याकडं नाकावरून पाहून राह्यले म्हणून."

त्याला तसं बोलायचा अधिकार कुठून आला, हे मला कळेना. मी तसाच उठून घरी गेलो. दोन दिवस मी कोर्टात गेलोच नाही. बायकोने कारण विचारलं तर सर्दी म्हणून सांगितलं. तिने माझ्या कोरड्या नाकाकडे पाहिलं आणि तरीही काढा करून आणला, म्हणजे तिलाही कळलं होतं. मी त्या माणसाचा तिरस्कार करायला कारणं शोधत होतो आणि सगळी कारणं माझ्यावरच येऊन बसत होती. तो तारखा मागायचा, पण मी समोर आलेली तार वाचून बाजूला टाकली होती. तो खोटं बोलायचा तेव्हा समोरच्याला ते निदान माहीत असायचं. मी खोटं लिहिलं ते तीन सिंहांच्या मुद्रेखाली, आणि वर त्याचं भाषण केलं.

तिसऱ्या दिवशी मी नवीन मसुदा नेला. त्यात तीन वाक्यं होती. सही घेतली नाही. परिणाम समजावून सांगितले नाहीत. दोन्ही तारा माझ्यासमोर आल्या होत्या आणि मी त्या वाचल्या होत्या. शेजाऱ्याने वाचून "ठीक" म्हटलं. कौतुक केलं नाही. बरं झालं, केलं असतं तर मी पुन्हा त्याला नावं ठेवली असती.

उशीर माफ व्हावा म्हणून त्याने अर्ज केला, तो मात्र अप्रतिम होता. या माणसाने मेहनत घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पूर्वीचे निकाल शोधून, पानांना चिठ्ठ्या लावून त्याने फाइल तयार केली. अशिलाचं गाव मात्र शेवटपर्यंत चुकीचं लिहीत राहिला. तीनदा मी दुरुस्त केलं.

मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात सुनावणी लागली. आम्ही तिघे एसटीने बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूरला आलो. मुंबईची रेल्वे अडीच तास उशिरा होती. वकील बाकावर पेपर तोंडावर घेऊन झोपला. मी आणि तो, दोघे राहिलो. त्याने घरून भाकरी आणि ठेचा आणला होता, त्यातली अर्धी मला दिली. मी घेतली.

"आई किती वर्षं होती त्यानंतर?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"अकरा."

"तिला काय सांगितलं होतंस?"

"सुट्टीवर हाय म्हनलं." तो भाकरी मोडत होता. "तिले लकव्यानं दिवसाचा हिशेब राह्यला नव्हता. म्हने, तुहा साहेब चांगला दिसते रे, लय दिवस सुट्टी देल्ली. मी हाव म्हनो."

"अकरा वर्षं?"

"मंग काय सांगू तिले? तिच्यापायी नोकरी गेली म्हणून सांगू?"

फलाटावर चहावाला ओरडत होता. तो गेल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं." मी हे शब्द नोकरीत कधी वापरले नव्हते, आणि घरीही फारसे नाहीत. त्याने मान हलवली. क्षमा केली असं नाही, आणि केली नाही असंही नाही. ऐकलं, एवढंच.

सुनावणीत सरकारी वकिलाने उशिराचाच मुद्दा लावून धरला. इतकी वर्षं हा माणूस काय करत होता? आमच्या मेहकरच्या शेंगावाल्याने, जो आपल्या कोर्टात पाच वाक्यं सलग बोलत नाही, त्याने अर्धा तास युक्तिवाद केला. त्याचं इंग्रजी ऐकून समोरचे दोन तरुण वकील एकमेकांकडे बघून हसले. असले लोक मला नव्याने ओळखीचे वाटले. असाच मी हसायचो.

न्यायासनावर बसलेल्या दोघांपैकी एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि मला उभं केलं.

"तुमची त्या वेळची नोंद खोटी होती, असा याचा अर्थ होतो. तुम्हाला कळतंय ना?"

"होय, सर."

"कोणी दबाव आणलाय?"

"नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ती नजर मी ओळखली. माझ्यासमोर उभ्या असलेल्या शेकडो पोरांकडे मी तीच टाकली होती. बसा म्हणाले.

बातमी माझ्याआधी पोचली. आमच्या जुन्या अधिकाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सकाळी तिरंगी फुलं, संध्याकाळी देश कसा बिघडला यावर मजकूर. पलटणीत माझा कनिष्ठ असलेल्या एकाने पुण्याहून फोन केला. "सर, काय गरज होती? एका भगोड्यासाठी पलटणीचं नाव कशाला घालवायचं?" मी म्हणालो, "पलटणीचं नाव तेव्हाच गेलं होतं. तू शेजारीच बसला होतास." दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रुपात नव्हतो. तिरंगी फुलांची मला आजवर उणीव भासलेली नाही. आमंत्रणंही कमी झाली. पुढच्या झेंडावंदनाला त्याच तालुक्यातल्या एका गावाने एका निवृत्त बँक मॅनेजरला बोलावलं. तोही शिस्तीवरच बोलला म्हणे.

निकाल काही महिन्यांनी आला. बडतर्फी रद्द. त्याच तारखेपासून सेवामुक्त केलं असं समजावं. बाकी काही लाभ नाही. मी टेबलावर होतो तेव्हा तो आला, आणि माझ्या टेबलावरून पुढे जाऊन शेजाऱ्यासमोर बसला. ते योग्यच होतं, वकील तो होता. शेजाऱ्याने त्याला प्रत्येक ओळ वऱ्हाडीत सांगितली.

"म्हंजे आता मी माजी सैनिक?" त्याने विचारलं.

"हाव. कागदावर तरी."

"कागदावरच तं पाहिजे होतं."

त्याने निकालाची पानं पुन्हा एकदा मोजली आणि पिशवीत ठेवली. शेजाऱ्याला नमस्कार केला. तेवढ्यात पुकारा झाला, आणि शेजारी कोट सावरत आत गेला. दारातून मला त्याचा आवाज ऐकू आला, "पुढची तारीख मिळावी." मला अजूनही त्याचा राग येतो. तो राग काही जाणार नाही, आणि जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

तो माणूस माझ्या टेबलाशी थांबला. मला वाटलं काही बोलेल. काय बोलेल याची मी थोडी तयारीही केली.

"साहेब," तो म्हणाला, "याच्या चार झेरॉक्स काढा लागतीन. एक ग्रामपंचायतीत देतो, एक पोरीच्या सासरी. दुकान कुठं हाय?"

फाटकाबाहेर, डाव्या हाताला, स्टॅम्पवाल्याच्या पलीकडे, असं मी सांगितलं. तो गेला.